पन्नास रुपये, एक खोली, एक अट

मानव्यविद्यांतील निवासी अभ्यासवृत्त्यांच्या जाहिराती दरवर्षी निघतात. आपल्याकडे त्यांतली सर्वांत नावाजलेली सिमल्याची, भारतीय उच्च अध्ययन संस्थेची. राहायला जागा, दरमहा मानधन, हाताशी ग्रंथालय आणि वर्ष-दोन वर्षांची सलग फुरसत, एवढे संस्था देते. बदल्यात तिथे प्रत्यक्ष राहावे, सहकाऱ्यांसमोर निबंध वाचावेत आणि मुदत संपताना एका ग्रंथाचे हस्तलिखित हाती ठेवावे, एवढे मागते. ही कल्पना आपण पश्चिमेकडून घेतली, असा सर्वसाधारण समज आहे. बॅम्बर्गर या व्यापारी भावंडांच्या पैशावर अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९३० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे उच्च अध्ययन संस्था काढली आणि पुढे जगभर तिचे अनुकरण झाले, हे खरेच आहे. पण अभ्यासकाने अर्ज करावा, कोणी त्याच्या पोटापाण्याची सोय करावी आणि त्यासाठी काही अट घालावी, हा व्यवहार मराठी मुलखाला १९३० मध्ये नवा नव्हता. तो दोनशे वर्षे जुना होता आणि त्याचे कागदही आहेत.

हे कागद वाचताना माझे लक्ष रकमेपेक्षा अटीकडे जास्त गेले. रक्कम काळाप्रमाणे बदलते. देणाऱ्याला विद्या म्हणजे काय वाटते आणि घेणाऱ्याबद्दल त्याला किती भरवसा वाटतो, हे मात्र अटीतूनच कळते.

सुरुवात दक्षिणेपासून करावी लागते. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ती प्रथा पुण्यात पेशव्यांकडे आली. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी रमणा बांधला गेला. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमत. त्यांतल्या नामांकित विद्वानांची शास्त्रीमंडळींकडून परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा ठरे. बाकीच्यांना रमण्याच्या दारातून सरसकट मिळे. अर्जाचा कागद नव्हता. उमेदवाराचे पाठांतर हाच त्याचा अर्ज आणि त्याची जात हे त्याचे पात्रता प्रमाणपत्र. अट भूतकाळाशी बांधलेली होती: जे पूर्वी रचले गेले ते तुला बिनचूक येते का? नवे काही शोधून काढ, असे कोणी सांगत नव्हते आणि सांगण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती.

१८१८ नंतर पुण्यावर इंग्रजांचा अंमल बसला. दक्षिणा एकदम बंद केली तर वजनदार वर्ग दुखावेल, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला कळत होते. खर्च कमी झाला आणि दक्षिणेच्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. वरवर पाहता दानाचे रूपांतर शिक्षणात झाले. पण आत शिकवायची ती जुनीच शास्त्रे आणि शिकणारेही तेच. खरी ठिणगी पडली १८४९ च्या सुमारास. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावर पुण्यातली सनातनी मंडळी खवळली. या तंट्यात जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली.

माझ्या मते हा आपल्या विद्याव्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा अर्ज आहे, कारण त्यात कोणी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. अटच बदला, असे ते म्हणणे होते. पाठ असलेल्या विद्येऐवजी लिहिल्या जाणाऱ्या विद्येला पैसा द्या आणि ती लोकांच्या भाषेत असू द्या. (आजच्या बहुतेक अभ्यासवृत्त्यांचा अर्ज इंग्रजीत किंवा फार तर हिंदीत करावा लागतो, हे पाहिले की ते काम अर्धेच झाले असे वाटते.)

त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. स्वतः शिकत असतानाच खालच्या वर्गांना थोडे शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ही दोन्ही नावे आहेत. रमण्यातला पैसा असा वळणे घेत या दोघांपर्यंत आला. त्याचे आणखी एक वळण तर कोणी कल्पनाही केली नसेल असे. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून पदवी घेतलेल्या इरावती कर्वे यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकू लागल्या. १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. ज्या पेशव्यांनी केवळ पुरुषांना, केवळ ब्राह्मणांना आणि केवळ पाठांतराबद्दल दक्षिणा वाटली, त्यांचे नाव सांगणाऱ्या पैशावर एका बाईने त्या पेशव्यांच्याच जातीला अभ्यासाचा विषय केले. निधी ठेवणाऱ्याला आपला पैसा शंभर वर्षांनी कोणाच्या हाती पडेल हे ठरवता येत नाही, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

आता धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातल्या साखवाळला जन्मलेला हा माणूस. शाळा नावापुरती. बुद्धाविषयी वाचून मनाने घेतले आणि घर सोडून निघाले ते पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. सिंहलद्वीपात विद्योदय विहारात भिक्षू होऊन पाली शिकले. या प्रवासाचा वृत्तान्त त्यांच्या ‘निवेदन’मध्ये आहे आणि तो ज्याने वाचला नसेल त्याने ही दिवाळी त्यावरच घालवावी. इथे मुद्दा एवढाच की काशीचे अन्नछत्र आणि सिंहलद्वीपाचा विहार या दोन्ही, आजच्या भाषेत बोलायचे तर, निवासी अभ्यासवृत्त्याच होत्या. जेवण, निवारा, गुरू आणि वेळ. अन्नछत्राची अट जातीची, विहाराची अट चीवराची.

परत आल्यावर कोसंबी कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथे त्यांचे बस्तान बसत होते. पण आपले ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत पोचवावे, ही ओढ सुटत नव्हती. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना सांगणे आले: दरमहा पन्नास रुपये मिळतील, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहा आणि वर्षाला एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहून द्या. कलकत्त्याची याहून कितीतरी अधिक पगाराची जागा सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये पत्करले.

ही अट पुन्हा एकदा वाचावी. कोणत्याही गावी राहा. म्हणजे बडोद्याला ये आणि दरबारात बस, असे नाही. वर्षाला एक ग्रंथ. म्हणजे काम मोजले जाणार, पण ग्रंथात काय निघावे हे आधी सांगायचे नाही. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक याच बडोद्याच्या संबंधातून, तिथे दिलेल्या व्याख्यानांतून आले. माझ्या पाहण्यात आलेल्या सगळ्या अभ्यासवृत्त्यांत इतकी कमी शब्दांची आणि इतकी अचूक अट दुसरी नाही. मात्र तिच्यामागे एक राजा होता आणि राजाच्या कानापर्यंत नाव पोचणे आवश्यक होते, हेही विसरू नये. त्या काळात कोसंबींच्या तोडीचे आणखी किती जण कोणाच्या कानावर न जाता कारकुनी करत मेले, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात मिळणार नाही. छापील अर्जाला नावे ठेवणाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, हे ध्यानात ठेवलेले बरे. छापील अर्ज निदान तुम्ही कोणाचे भाचे, हे विचारत नाही.

१९१० मध्ये कोसंबी हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन हे अमेरिकन पंडित ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे ठेवून वारले होते. ते पुरे करण्याचे काम प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली कोसंबींकडे आले. पैसा पुष्कळ अधिक, ग्रंथालय अव्वल. पण ग्रंथावर श्रेय कोणाचे, यावरून बिनसले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे पुन्हा पुन्हा तिकडे गेले, कामही पुरे केले. तरी हार्वर्डची ती आवृत्ती वॉरन आणि कोसंबी या दोन नावांनी प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. दरम्यान १९४० मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय विद्या भवनाकडून आपली नागरी लिपीतली आवृत्ती स्वतंत्रपणे काढली होती, म्हणून ग्रंथ त्यांना डोळ्यांनी पाहता तरी आला. हस्तलिखित कोणाच्या मालकीचे, छापणार कोण आणि किती दिवसांत, हे कलम फेलोशिपच्या करारात शेवटच्या पानावर असते. कोसंबींची गोष्ट वाचल्यावर मी ते पान आधी वाचतो.

सयाजीरावांची दुसरी शिष्यवृत्ती सर्वांना ठाऊक आहे, पण ती या अंगाने क्वचित पाहिली जाते. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. इथे अट ग्रंथाची नव्हती, आयुष्यातल्या दहा वर्षांची होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांना वसतिगृहात खोली मिळाली, ग्रंथालय मिळाले. पुढे ते लंडनला गेले, मुदत संपली, अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावे लागले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू व्हावे लागले.

बडोद्यात काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव लावून ते राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी पारशांचा जमाव लाठ्या घेऊन दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितली. शहरातल्या ओळखीच्यांनी सबबी सांगितल्या. कामाठी बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले.

निवासी अभ्यासवृत्तीचा इतिहास लिहिताना हा प्रसंग मला मध्यभागी ठेवावासा वाटतो. ज्या संस्थानाने या माणसाला अटलांटिकपलीकडे शिकायला पाठवले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्याला एक खोली मिळाली नाही. पैसा राजाच्या तिजोरीतून निघतो, पण खोली शहराकडून मिळावी लागते. आणि तरीही १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला. देणाऱ्याचे ऋण आणि शहराची वागणूक यांचे खाते त्यांनी वेगवेगळे ठेवले. ‘निवासी’ हा शब्द जाहिरातीत दिसला की आपण हवापाणी, निसर्ग, शांतता असा विचार करतो. त्या शब्दात खरे आश्वासन असायला हवे ते हे, की अर्जदार कोणीही असो, दाराची किल्ली त्याच्या हातात दिली जाईल.

सिमल्याच्या इमारतीला ही गोष्ट लागू पडते ती उलट्या अंगाने. लॉर्ड डफरिनच्या काळात बांधलेला आणि १८८८ मध्ये राहता झालेला तो व्हाइसरॉयचा प्रासाद. नेटिवाला तिथे प्रवेश म्हणजे चाकर म्हणून किंवा निमंत्रित संस्थानिक म्हणून. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रपतींचे उन्हाळी निवासस्थान झाला आणि राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो अभ्यासकांसाठी सोडला. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांच्याच हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. इतिहासकार नीहाररंजन राय पहिले संचालक. जिथे व्हाइसरॉयच्या मेजवान्या झडत तिथे पुस्तकांची कपाटे लागली. आंग सान स्यू ची राजकारणात पडण्याआधी तिथे फेलो होत्या. आपले भालचंद्र नेमाडेही तिथे राहून गेले. त्यांचे देशीवादावरचे इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये त्याच संस्थेने काढले.

आता अर्जाकडे. पाठांतराच्या परीक्षेला आज जागा नाही. तिच्या जागी संशोधनाचा आराखडा आला आहे. काय शोधणार, कसे शोधणार, कोणती साधने वापरणार, प्रकरणे किती, महिन्यांचा हिशेब कसा, हे चार-पाच पानांत मांडायचे. जोडीला प्रकाशनांची यादी आणि दोघा जाणत्यांची शिफारसपत्रे. यात एक अडचण मुळातच आहे. जे अजून सापडले नाही त्याची प्रकरणे आधी पाडून दाखवायची. दप्तरात बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते की रुमाल सोडल्यावर आपण शोधत होतो ते मिळत नाही, भलतेच मिळते आणि बहुतेक वेळा तेच जास्त मोलाचे असते. सयाजीरावांनी कोसंबींना आराखडा मागितला नाही. पण अर्ज शेकड्यांनी येत असताना निवड करणाऱ्यांच्या हातात दुसरे काय असणार, हेही समजते.

गेली काही वर्षे मी ओळखीच्या अभ्यासकांचे आराखडे वाचून देतो. मी स्वतः नोकरी सांभाळून मोडी शिकलो आणि मठ व अन्नछत्रांचे जमाखर्च वाचतो, पीएच. डी. नाही. आमच्यासारख्यांच्या आराखड्यात विषय हमखास फार मोठा असतो. ‘मराठवाड्यातील मठपरंपरा’ असे शीर्षक दिसले की निवड समिती पान उलटणार. ‘अमुक मठाच्या पन्नास वर्षांच्या धान्यखर्चावरून जेवणाऱ्यांच्या जातींबद्दल काय कळते’, असे लिहिले तर थांबणार. शिवाय आपल्याजवळ जे असते ते आपण सांगतच नाही. एखाद्याने वीस वर्षे हिंडून सहाशे कागदांच्या नकला केलेल्या असतात आणि आराखड्यात तो विद्यापीठातल्या मंडळींसारखे दिसण्यासाठी परदेशी सिद्धान्तकारांची नावे भरतो. ती नावे समितीला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. ते सहाशे कागद मात्र त्यांनी पाहिलेले नसतात. ते कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, त्यांतला एखादा काय बोलतो, याने आराखड्याची सुरुवात झाली पाहिजे. आणि हे काम घरी बसून का होत नाही, त्या विशिष्ट जागीच का व्हायला हवे, याचे खरे उत्तर द्यावे. घरी वेळ मिळत नाही, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. तिथल्या ग्रंथालयात काय आहे आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या विषयाचा माणूस असण्याचा आपल्याला काय उपयोग, हे लिहावे.

एका संस्थेचा अर्ज मी संगणकावर भरत होतो. ‘संलग्न संस्था’ हा रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडेना. ‘नाही’ लिहिले तर चालेना. यादीतले नाव निवडायचे होते. दूरध्वनीवर विचारले तर सांगण्यात आले, कुठल्याही महाविद्यालयाचे नाव टाका, नंतर पाहू. मी टाकले नाही, अर्ज तिथेच राहिला. इरावतीबाईंच्या आधीच्या शंभर वर्षांत रमण्याच्या दारावर कोण अडले असेल, ते त्या दिवशी मला संगणकाच्या पडद्यावर थोडेसे दिसले. अर्थात सगळीकडे असे नाही. स्वतंत्र अभ्यासकांना दार उघडे ठेवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांच्याकडे आपल्यातून अर्जच थोडे जातात.

ते का जात नाहीत, याची कारणे आराखड्यात नसतात. प्राध्यापकाला अभ्यासरजा असते. बँकेत, झेडपीत, दुकानात असणाऱ्याला ती नसते. दोन वर्षे सिमल्याला जायचे तर नोकरीच सोडावी लागते. बायांच्या बाबतीत तर घरातले म्हातारे, शाळेतली मुले आणि ‘आता या वयात?’ हा प्रश्न. कोसंबी घर सोडून निघाले तेव्हा मागे बायको आणि तान्ही मुलगी होती. त्या दोघींनी ती वर्षे कशी काढली, यावर आपण फारसे लिहिलेले नाही. पूर्ण मुदतीची नसून वर्षातून महिनाभर, अशी तीन वर्षे येऊन राहण्याची एक योजना सिमल्यालाच विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी आहे. तशी सोय नोकरदार स्वतंत्र अभ्यासकांना, आणि मराठी मुलखातच कुठे तरी, व्हायला काय हरकत आहे? वाई, पैठण, धुळे, पुणे, मुंबई इथल्या जुन्या संग्रहांना चांगला वाचक हवा आहे आणि वाचकाला महिनाभराची खोली. दोन्हींचा खर्च फार नाही. अट सयाजीरावांचीच ठेवता येईल, फक्त ग्रंथाऐवजी त्या संग्रहातल्या एका रुमालाची वर्णनात्मक सूची मागावी. ती महिन्यात होते, मी करून पाहिली आहे.